मारिटचं 'ए'

रांगेत मारिट तिसरी होती. तिच्यापुढे हॉटेलात ओळख झालेल्या, झ्वोला गावच्या रेनीरचे दोन मुलगे, आणि त्यांच्यापुढे लाकडी धक्क्याचं टोक. टोकाखाली समुद्र इतका खोल की तिथे बोटी लागायच्या. रेनीर बाजूला उभा राहून मोठमोठ्याने आकडे मोजत होता. "एक, दोन, तीऽऽन!" म्हणताच त्याचा थोरला धपकन पाण्यात पडला.

किनाऱ्यावर छत्रीखाली तिच्या आईला, फेमकेला, एका जागी बसवेना. वर्षाचा यूप मांडीवर झोपलेला, नवरा पोट बिघडून हॉटेलच्या खोलीत आडवा. सुट्टीचा तिसरा दिवस, तुर्कस्तानातलं लख्ख ऊन, हाताशी कापलेलं कलिंगड. माणसाने पाय पसरून पडावं. पण या बाईचा जीव टांगणीला लागला होता. बरं, तो टांगला होता तिनेच.

सकाळी न्याहारीला रेनीरने सहज विचारलं होतं, "दुपारी पोरांना धक्क्यावरून उड्या मारायला नेतोय. तुझ्या मुलीचं 'ए' झालंय ना?"

नेदरलँड्समध्ये पोहण्याची 'ए' परीक्षा झाली की मुलांच्या दंडांवरचे हवेचे फुगे निघतात. कॉलनीतल्या बाकीच्या मुलांचे सहाव्या वर्षीच निघाले होते. मारिटला आठवं लागलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी परीक्षेत तिला पाण्याखालच्या पडद्यातल्या भोकातून पलीकडे जायचं होतं. ती भोकापाशी पोचली, घाबरली आणि वर आली. वर गॅलरीत आजी केक घेऊन बसली होती.

"हो, कधीच!" फेमके म्हणाली होती.

नुसतं 'हो' म्हटलं तरी खोटंच होतं. त्यावर ते 'कधीच' आणखी कुणी मागितलं होतं? मारिटने अंड्यावरून मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली.

दुपारपर्यंत काहीतरी निमित्त काढू, असं फेमकेने ठरवलं होतं. पण ती यूपचा डायपर बदलून येईतो रेनीर पोरांना घेऊन धक्क्यावर पोचलासुद्धा.

"मारिट!" तिने बसल्या जागेवरून हाक मारली. "क्रीम लावायचं राहिलंय, इकडे ये!"

"राहू दे गं!" रेनीर हसत ओरडला. "एका उडीत काय भाजून निघणारे का ती!"

रेनीरचा धाकटा टोकाशी सरकला.

"मारिट, कलिंगड खायला ये! गरम होतंय!"

ही हाक तिची तिलाच इतकी खुळचट वाटली की कान तापले. मारिट मात्र लगेच रांगेतून बाहेर पडली. रेनीरने तिला खांद्याला धरून वळवलं. "कलिंगड कुठे पळून चाललंय? आता तुझाच नंबर आहे. की घाबरलीस?"

मारिटने मानेनेच नाही म्हटलं आणि परत जाऊन उभी राहिली.

"एक, दोन, तीऽऽन!" धाकटाही गेला.

यूपला कडेवर टाकून फेमके अनवाणीच पळत सुटली. वाळू तव्यासारखी तापलेली, यूपने दचकून भोकाड पसरलेलं. धक्का अजून लांब होता. मारिटच्या पायाची बोटं शेवटच्या फळीच्या कडेवर आली होती आणि तिच्या दंडांवर काहीच नव्हतं.

"एक," रेनीर म्हणाला.

"थांबव तिला!" फेमके किंचाळली. "तिचं 'ए' झालेलं नाही! नापास झालीय ती! मी खोटं बोलले!"

त्या किनाऱ्यावर निम्मे लोक डच होते. त्यांनी माना वळवल्या. उरलेल्यांनी यूपच्या रडण्यामुळे वळवल्या.

रेनीरने मारिटचा दंड गच्च पकडला. फेमके धापा टाकत पोचली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो तिला बोलणार होता, चांगलंच बोलणार होता. पण पोरीकडे पाहून त्याने ते गिळलं. "सांगायचं ना गं," एवढंच म्हणाला आणि शिडी चढून येणाऱ्या आपल्या मुलांकडे गेला.

फेमकेने तिथेच फळ्यांवर बसकण मारली. एका हाताने ती यूपला थोपटत होती, दुसऱ्याने तिने मारिटला जवळ ओढलं. हात थांबत नव्हते. पोरीचे खांदे, पाठ, केस, सगळं ती चाचपून बघत होती. सगळ्यांदेखत आपण हिला नापास म्हटलं. आता ही रडेल, दोन दिवस आपल्याशी बोलणार नाही, आणि बोलू नयेच, असं तिला वाटलं.

मारिट रडली नाही. ती खालच्या गडद निळ्या पाण्याकडे बघत होती.

"भीती वाटत होती तुला?" फेमकेने विचारलं.

"हो."

"मग रेनीरला सांगायचंस ना, मला येत नाही म्हणून!"

मारिटने आईकडे पाहिलं. एवढी मोठी बाई असं काय विचारतेय, हे तिला कळेना.

"असं कसं सांगणार?" ती म्हणाली. "तू खोटी पडली असतीस ना."