कोमट बाटली

"काकू, यात काका नाहीत," तपासणी केंद्रातल्या शलाकाने बाटली हळूच पुढे सरकवली. "या सगळ्या पेशी तुमच्याच आहेत. बाटली बदलताना हातमोजे घालत नव्हता का?"

कुमुदकाकूंनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. साथीत यजमान गेले, तेव्हा शेवटचे नऊ दिवस त्यांनी हातमोज्यांतूनच त्यांचा हात धरला होता. पुढे त्यांच्या जिवंत पेशींची बाटली घरी आली, तेव्हाच काकूंनी ठरवलं, आता मध्ये रबर नको. दर गुरुवारी त्या उघड्या हातांनी निम्म्या पेशी नव्या बाटलीत घालत, ताजं पोषक पाणी देत आणि विचारत, "जेवलात का?" बाटली जिवंत असेपर्यंत श्राद्ध करायचं नाही, पेशी संपतील तीच तिथी धरायची, अशी आता घरोघरी रीतच पडली होती.

"म्हणजे माझ्या हातावरच्या पेशी आत पडल्या?"

"हो. त्या जोमाने वाढल्या आणि काकांच्या संपत गेल्या."

"कधी?"

"ते नाही सांगता येणार, काकू. या तीन वर्षांत कधीतरी."

काकूंनी बाटली उचलून पदराखाली घेतली. ती अजून कोमट होती.

"मग बाई," त्यांनी विचारलं, "मी तिथी कुठली धरू?"