पडद्यावरची आई

"ताई, संध्याकाळी आईची श्वासाची नळी काढायची ठरलंय. आता पुरे कर," प्रफुल्ल म्हणाला.

वैदर्भी रुग्णालयात आईच्या खाटेशेजारी संगणकापुढे बसून होती. आई महिनाभर निश्चल पडून होती. तिच्या डोक्यावरची टोपी मेंदूतले हालचालीचे संकेत टिपून संगणकाकडे पाठवत होती. त्या संकेतांनुसार अशा रुग्णांची चित्रं पडद्यावर हलत आणि त्यांच्या वतीने बोलत. ॲनिमेशन हा वैदर्भीचा पेशाच; आईचं चित्र तिने स्वतः काढलं होतं. पण पडद्यावरची आईही हलत नव्हती.

"आत कुणी उरलेलं नाही," डॉ. उके हळूच म्हणाले.

वैदर्भीने चित्रातल्या हातावर क्लिक केलं, तर अख्खी आकृतीच निवडली गेली. चित्र या संगणकात घेताना हात, डोकं, धड यांचे वेगवेगळे थर एक झाले होते. हात धडालाच चिकटलेले. आई हलवणार तरी काय?

तिने मूळ चित्र उघडलं, हात आणि डोकं वेगळं केलं, चित्र पुन्हा आत घेतलं आणि सांधे जोडले.

पडद्यावरचा हात ताडकन उठला. तो गळ्याशी गेला आणि चित्रात नसलेली नळी ओढू लागला.

डॉक्टर पुढे झाले. "कुमुदिनीबाई, नळी काढली तर श्वास थांबेल. तरी काढायची?"

हात थबकला. मग पडद्यावरच्या आईने सावकाश होकारार्थी मान हलवली.

वैदर्भीने आईचा खरा हात हातात घेतला.

"आज नको, डॉक्टर," ती म्हणाली. "आधी तिला बोलू द्या. महिनाभर ती आमचं नुसतं ऐकत होती."