मापाचा दोरा

आईच्या तोंडासमोर मोबाइल धरायचा, ही कुठली रीत? पंधरा दिवस सुमेधाचं हेच चाललं होतं. ऑफिसातून आखातातल्या करामा भागातल्या फ्लॅटवर आली, की चपला काढायच्या आधी मोबाइल पुढे. "आई, काहीतरी बोल ना. रागावलीस तरी चालेल." कावेरी रागवायचीच, तिला निमित्त लागत नसे. पण आतून सुखावली होती. लेकीला चाळिशीत का होईना, आईचं बोलणं ऐकावंसं वाटत होतं.

आजही कावेरी नेहमीसारखी भिंतीकडे पाठ करून बसली होती. त्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पिवळा फ्रॉक होता. बाबांनी रुवैसच्या नोकरीवरून आणलेला, म्हणून सुमेधानं हौसेनं मढवून घेतलेला. येईल त्याला ती तो दाखवायची.

"आज म्हण, मी बरी आहे, काळजी करू नकोस."

"कुणाला म्हणू? भिंतीला?"

सुमेधा घुटमळली. मग तिनं सांगून टाकलं. माणसं शनीपर्यंत पाठवायची तर काय काय लागेल, याचा आराखडा तिचं ऑफिस करत होतं. जायला सात वर्षं, यायला सात. तेवढ्यात मागे घरचं कुणी गेलं, तर यानातल्या माणसाला कळवायचं का? हा नियम सुमेधानं लिहिला होता. कळवायचं नाही. गेलेल्या माणसाच्या आवाजात कॉम्प्युटर खुशाली पाठवत राहील. नमुन्याला तिनं आईचा आवाज घेतला होता. उद्याच्या मीटिंगमध्ये तो वाजवला, की नियम पक्का.

"म्हणजे मला मारून माझ्याच तोंडून खुशाली वदवणार! शाबास! यासाठी शिकवलं तुला."

"आई, प्रॅक्टिकली बघ ना. एकदा निघाले की खलास, यान मागे फिरत नाही. त्याला कळलं तरी तो काय करणार? येऊ शकत नाही. कुणाच्या गळ्यात पडून रडू शकत नाही. मग कशाला सांगायचं?"

कावेरी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि खुर्ची फिरवून फ्रॉकसमोर बसली. या घरात पहिल्यांदाच.

"तुझे बाबा इथंच आखातात, रुवैसला होते. पासपोर्ट कंपनीकडे, दोन वर्षं सुटी नाही. त्यांचं पत्र आलं, पोरीला फ्रॉक घेतो, मापाचा दोरा पाठव. मी पाठवला. शेजारच्या पोरीच्या मापाचा."

"शेजारच्या? मी कुठे होते?"

"तू झाली नव्हतीस. रुपाली होती. तुझ्या आधीची. तापात गेली. दोरा मागितला तेव्हा तिला जाऊन पाच महिने झाले होते."

सुमेधाच्या हातातला मोबाइल खाली आला. त्यावरचा रेकॉर्डिंगचा लाल ठिपका अजून चालू होता.

"मीही हेच म्हटलं होतं. कळून काय करणार, येऊ शकत नाहीत. सगळ्या वाडीला शपथ घातली. दुसरीपर्यंत शिकलेली मी, पण दर पत्रात पोर वाढवली. दात आले. चालते. बाबा म्हणते. मग ते आले. दारातच बॅग उघडली, फ्रॉक काढला आणि रुपाली म्हणून हाक मारली."

"आई..."

"रडू नकोस, ऐक. तो ठिपका चालू राहू दे, उद्या हेच वाजव. तुझा नियम खोड, सुमे. लांबच्या माणसाला आपण ना जेवण वाढू शकत, ना डोक्यावरून हात फिरवू शकत. त्याच्यापाशी आपला शब्द तेवढा असतो. तोच मी खोटा केला. पुढची सुटी संपवून ते परत गेले, मग तू झालीस, तेव्हा मी तार केली. तुझ्या बाबांनी मला उत्तर धाडलं नाही. शाळेतल्या मास्तरांना पत्र लिहून विचारलं, पोर खरंच आहे का."