कळकलेली कढी

पितळी गंजातल्या, म्हणजे पातेल्यातल्या, शिळ्या कढीवर हिरवट कड दिसली आणि रुख्माच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मोरचुदाचं विष! दुसरं काय असणार? सून प्रेमिला घरात आल्यापासून चार शब्द धड बोलली नव्हती. इतकी मुकी पोर मनात काय शिजवते, कोणाला ठाऊक!

रुख्मा तशी स्वतःच्या सावलीवरही भरवसा न ठेवणारी. दिवाळीआधी कल्हईवाला कामठा गावात आला, तेव्हा अख्ख्या आळीनं पितळी भांडी बाहेर काढली. हिनं त्याला दारातूनच हाकललं. "कथलाच्या नावावर शिसं फासते मेला!"

"प्रेमिला! ये इकडे. खाय हे, माह्यासमोर."

प्रेमिला परसातून तोंड पुसत आली. पुन्हा ओकली होती. तिच्या या सकाळच्या ओकाऱ्यांवर रुख्मानं शेजारच्या सुलोचनाबाईपासून सगळीकडे नातू येणार म्हणून गूळ वाटला होता. आज मात्र तिला तेही सोंग वाटलं.

प्रेमिलानं वाटी भरली आणि मुकाट्यानं तोंडाला लावली. अर्धी संपवलीही.

"काऊन, भेव नाही वाटत?"

"कायचा जी? रोजच तर खाऊन राहिली मी. ताजी तुमाले न् तुमच्या लेकाले वाढतो. उरली का गंजातच राह्यते. धान कापाले जायच्या अगोदर, अंधारात तेच खातो." मग दबकत म्हणाली, "तुरट लागते जराशी. मले वाटलं, तुमच्या घरची कढी अशीच राह्यते."

रुख्मानं गंज उजेडात नेऊन पालथा केला. कल्हईचा ठिपकाही उरला नव्हता. उघडं पितळ आणि आंबट ताकानं खाल्लेले हिरवे डाग. कढी कळकली होती, बस्स. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण संशयानं तिचे डोळेच बांधले होते.

तिनं वाटी हिसकावून अंगणात भिरकावली. "ओक! बोट घाल घशात! बोलली काऊन नाही, माय?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

प्रेमिलाचा हात पोटावर गेला. "म्हणजे आई... ह्या ओकाऱ्या कढीच्याच होत्या?"

इतक्यात फाटक वाजलं. जुन्या लुगड्याची शिवलेली हातभर गोधडी घेऊन सुलोचनाबाई हसत आत येत होती.