फिरते सिलिंडर

कामगाराचा जीव केसरीनाथ म्हात्र्यांना देवापेक्षा मोठा होता. तसं त्यांनी दापोड्याच्या आपल्या गोदामात फलकावर लाल अक्षरांत लिहूनच घेतलं होतं. फलक इतका मोठा झाला, की तो मावेल अशी जागा एकच उरली. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराची. तिथं तो खिळे मारून पक्का बसवला.

आज मात्र तो काढून भिंतीला टेकवला होता. सुरक्षा निरीक्षक कर्णिक तपासणीला येणार होते. आग विझवायचे सहा लाल सिलिंडरही टांगून झाले. सिलिंडर केसरीनाथांचे, पण कायम फिरतीवर. गावात लग्नाची मोठी भांडी या घरून त्या घरी जातात ना, तसे ते ज्याच्याकडे तपासणी त्याच्या गोदामात जात. कल्पना केसरीनाथांची. गावोगावच्या गोदामवाल्यांनी तिचं कौतुकही केलं होतं.

गेल्या महिन्यात खोक्यांनी पेट घेतला, तेव्हा सिलिंडर काल्हेरला कुणाल नावाच्या गोदामवाल्याकडे होते. पॅकिंगला बसणाऱ्या कमळनं ओल्या गोणपाटानं आग विझवली. गोदाम वाचलं, तिचा उजवा हात भाजला. डॉक्टरला काय सांगायचं, ते केसरीनाथांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. खरं बाहेर आलं तर गोदामाला टाळंच. पण तेव्हापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

"शेट, घाम पुसा," कमळ म्हणाली. "सायेब तुमाला बघाया न्हाय येत."

जीप आली. मागच्या बाजूला रिकामी पोती अंथरलेली होती. जप्तीची तयारी! केसरीनाथांनी मनाशी म्हटलं.

कर्णिकांनी ना तारा पाहिल्या, ना दार. फलकाला मात्र दोनदा वीत लावली. मग एकेक सिलिंडर उचलून वजन पाहिलं, काटा पाहिला. एकाला पोचा होता, त्यावरून बोट फिरवलं, जुना शेजारी भेटल्यासारखं.

"चालू आहेत ना सगळे?"

"एकदम, साहेब."

कर्णिकांची नजर कमळच्या हातावरच्या पट्टीकडे गेली. "हाताला काय झालं, बाई?"

"घरी भाकरी भाजत व्हते," कमळ म्हणाली, आणि वर हसली. "चुलीला काय डोळं हायेत?"

ते हसू काही केसरीनाथांना सोसवेना.

"खोटं हाय, साहेब! हात हितंच भाजला. शिलिंडर त्या दिवशी हितं नव्हते. उद्या पन नसतील. ते फिरतात. हिला मीच खोटं शिकवलं."

कमळनं पदर तोंडाला लावला. "शेट, काय बोलून बसलाव!"

कर्णिकांनी चष्मा काढून पुसला. "फिरतात ते ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात हा पोचा मी काल्हेरला पाहिला."

केसरीनाथांनी बेड्या घालून घ्यायला करावेत तसे दोन्ही हात पुढे केले. "मंग न्या, साहेब. शिलिंडर न्या, मलापन न्या."

"तुम्हाला नेऊन काय करू?" कर्णिकांनी ड्रायव्हरला पोती नीट करायची खूण केली आणि आवाज खाली आणला. "उद्या आमच्याच कार्यालयाची तपासणी आहे हो. हे सहा परवापर्यंत वापरायला द्याल का? आणि तो फलकही. आमच्या दारावर बरोबर बसेल."