चौथ्या मजल्यापर्यंतचा गुडघा

“उठा, जावईबापू,” सुतार आपल्या उजव्या गुडघ्याला म्हणाला. “व्यायामाची पोरगी येईल आता. तिच्यासमोर माझं नाक कापू नका.”

शस्त्रक्रिया झाल्यापासून नव्या गुडघ्याला तो जावईच म्हणायचा. पोटी मुलगी नव्हती, पण जावई मिळाला तो असा. सकाळ-संध्याकाळ बर्फाने शेका, उशीवर बसवा, आणि तरी स्वारी फुगलेलीच.

बोलायला दुसरं होतं तरी कोण? बायको जाऊन वर्षं लोटली होती. बंद दुकानामागच्या खोलीत तो, त्याची हत्यारं आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ बोलायचं, पण तेच ते.

पोरगी आली. टाच सरकवून झाली, पाय ताठ करून झाला. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे कोऱ्या फळ्यांच्या तीन पायऱ्या उभ्या होत्या, बाजूला कठडा.

“मिस्त्रीकाका, हे काय?”

“जिना.”

“ते दिसतंय. जातो कुठे?”

“मुलाकडे,” सुतार म्हणाला.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या घरात राहायला गेला होता. सुताराने ते घर अजून पाहिलं नव्हतं. “बाबा, चौथा मजला, आणि वर यायला जिनाच तेवढा,” मुलगा फोनवर म्हणाला होता. “तुमच्या गुडघ्याला कसं झेपायचं? जिना चढायला लागलात की त्याच दिवशी सामान घेऊन या. कायमचे.”

जन्मभर ज्याने लोकांच्या घरांना जिने केले, त्याला पोटच्या पोराने अट घातली ती जिन्याची! सुतार तडक डॉक्टरकडे गेला आणि म्हणाला, “बदला.”

“चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी,” पोरीने बजावलं. “आणि कठडा सोडायचा नाही. पण पायऱ्या केवढ्या उंच केल्यात हो!”

“अगं, मी मुलाला विचारलं, तुमच्या जिन्याची पायरी केवढी? तर म्हणतो, असेल वीतभर. वीतभर पायरीवर माकडं चढतात, माणसं नव्हे! सुताराचं पोर ते, रोज चढतं-उतरतं आणि पायरीची उंची ठाऊक नाही. म्हटलं, असेलही. केल्या वीतभर.”

तेवढ्यात फोन वाजला. मुलगाच होता, कामावरून परतत होता.

“हां बाबा, घरीच पोचतोय. गुडघा काय म्हणतोय?”

“पळायचं म्हणतोय!”

“घाई करू नका हं. अजिबात घाई नको…”

मागे टिंगटिंग गाणं सुरू झालं, आवाज तुटला आणि फोन बंद पडला.

“रोजचंच आहे हे,” सुतार कौतुकाने म्हणाला. “नातीचं खेळणं. बाप आला की वाजवत दारात उभी राहते. मग त्याला फोनचं भान कुठलं!”

पोरगी बर्फाची पिशवी बांधत होती. बराच वेळ तिला गाठच जमेना.

“काका,” ती शेवटी म्हणाली, “मुलाकडे जाताना एकदा विचारून जा.”

“आपल्याच घरी जायला विचारायचं असतं होय?”

सुताराने जावयाला बसू म्हणून दिलं नाही. उभ्याने रंधा मारला, कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत चालला, पुढे पुलापर्यंत. येऊन पुन्हा त्या तीन पायऱ्या. वर पोचलं की नाकासमोर भिंत. भिंतीकडे पाहून तो विचारायचा, “आहे का कुणी घरात?” आणि उतरायचा.

हळूहळू वॉकर गेला, मग काठी गेली. त्याने नातीसाठी लाकडाचं बदक कोरलं, ओढलं की चोच टकटक वाजवणारं. त्या टिंगटिंगीला टक्कर द्यायची होती. मग एका संध्याकाळी कपड्यांची पिशवी भरली, घड्याळाला चावी जाणूनबुजून दिली नाही, आणि दाराला कुलूप लावलं.

मुलाच्या इमारतीखाली पहारेकऱ्याने हटकलं. “कुठे, आजोबा?”

“चौथा मजला. मुलाचं घर.”

“मग तिकडून कुठे निघालात? अहो, इकडून…”

“जमतं हो मला!” सुतार मागे न बघता ओरडला आणि कठडा धरला.

चांगला पाय आधी. पायऱ्या वीतभर नव्हत्याच, चांगल्या बेताच्या होत्या. जावई खूश. वळणावर कुणी कुंड्या ठेवल्या होत्या, पुढच्या वळणावर एक मोडकी सायकल. कठड्याची धूळ तळहाताला लागली. सुताराच्या नजरेने पायऱ्यांच्या कडा टिपल्या. धारदार, कोऱ्या.

“एवढी बिऱ्हाडं राहतात आणि पायरी झिजत नाही,” तो पुटपुटला. “गवंडी मोठा कारागीर दिसतो.”

चौथ्या मजल्यावर तो पोचला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता, पण पाय खणखणीत उभा होता. दारावर मुलाच्या नावाची पाटी. म्हणजे आपल्याच आडनावाची. सुताराने पिशवी खाली ठेवली, केसांवरून हात फिरवला, गुडघ्यावर शाबासकीची थाप दिली. घंटेकडे बोट नेलं.

आणि ते गाणं वाजलं. तेच टिंगटिंग. पण दाराआडून नव्हे, पाठीमागून.

नात बाहेरच खेळत होती तर! सुताराने घाईघाईने बदक काढलं, ते पाठीशी लपवलं आणि हसत वळला.

“अगं, बघ तरी कोण आलंय!”

समोरच्या भिंतीत दोन पोलादी दारं अलगद बाजूला सरकली, आणि आतल्या उजेडातून, कानाला फोन लावून, मुलगा बाहेर आला.