खाडी पार होईपर्यंत

फोन आला तेव्हा ती पोहत खाडीच्या मधोमध पोचली होती. बोट तिच्या बाजूने हळू चालली होती आणि तिचा नवरा काठीच्या टोकाला बाटली बांधत होता. काठी खाली ठेवून त्याने फोन कानाला लावला. तिच्या आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी बोलत होत्या.

"आजी गेल्या हो. ताईंचा निरोप होता, सकाळचं मी सगळं उरकलंय, तुम्ही आरामात या. म्हणून उशिरा आले. येऊन बघते तर अंग गार."

नवऱ्याने फोन खिशात टाकला. त्याला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. हातातली दोरी कशाला धरली आहे, तेही क्षणभर आठवेना.

सरांनी त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. सर म्हणजे तिचे कॉलेजातले पोहण्याचे प्रशिक्षक. केस पिकले, गुडघे गेले, शिट्टी मात्र अजून गळ्यात.

"सासूबाई?"

त्याने मान हलवली.

"तिला सांगायचं नाही," सर म्हणाले. "पलीकडे पोचेपर्यंत नाही."

"सर, आई आहे तिची."

"सांगून काय होईल? ती वर येईल, रडेल आणि जन्मभर ही अर्धी खाडी उराशी घेऊन बसेल. आता परत नाही जमायचं, जावईबापू. चाळिशी उलटली तिची."

खोटं नव्हतं ते. कॉलेजात असताना खाडीचं ठरलं, त्याच आठवड्यात वडील गेले आणि पोहणं सुटलं. गेल्या वर्षी पुन्हा ठरलं, तर आदल्या दिवशी आईची एक बाजू लुळी पडली. सगळं रद्द. तिने ओला टॉवेल वाळत घातला आणि ती स्वयंपाकाला लागली. ते नवरा अजून विसरला नव्हता.

आणि मेहनत तरी किती! जिममधली पोरं सुरुवातीला तिला पाणकोंबडी म्हणायची. मग एक दिवस तिने नवऱ्याच्या वजनाइतका बार जमिनीवरून सरळ उचलला. नवरा काही हडकुळा नव्हे, चांगला खात्यापित्या घरचा दिसतो. पोरांची बोलतीच बंद. नाव तेच राहिलं, पण पुढे 'पाणकोंबडीताई' झालं. वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन ती इमारतीचे जिने चढायची, बर्फ टाकलेल्या पिंपात बसून राहायची. आई आजारी पडल्यावर तिला पलंगावरून खुर्चीत एकटीच उचलून ठेवायची. "तुझ्या सरांना सांग, शिकवणी कामी आली," आई अर्ध्या तोंडाने हसायची.

ती बोटीजवळ आली. नवऱ्याने काठी पुढे केली. बोटीवरच्या कुणी पोहणाऱ्याला नुसतं बोट जरी लावलं तरी प्रयत्न बाद, म्हणून ही काठीची भानगड.

पाण्यातच हातपाय मारत तिने बाटली तोंडाला लावली. "घरून फोन?"

"आला ना. मावशींचा."

"काय म्हणाल्या?"

"आई मजेत आहेत म्हणाल्या."

काळ्या गॉगलमागे तिचे डोळे दिसत नव्हते. "बरं," ती म्हणाली, बाटली सोडली आणि परत पाण्यात गेली.

सरांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. नवऱ्याला तो हात झटकून टाकावासा वाटला.

पलीकडचा किनारा दिसायला लागला तेव्हा ओहोटीची ओढ लागली. ती हात मारत होती आणि बोट जागच्या जागी. बोटवाला म्हणाला, "ताई दमल्या. घ्या वर." तिचे ओठ निळे पडले होते. एकदा तर हात उचललाच गेला नाही, ती नुसती तरंगत राहिली.

नवरा बोटीच्या काठावरून वाकला. हात लांबवला असता तर पोचला असता.

"हात लावलास तर संपलं," सर म्हणाले.

तिने मान वर केली. "आई काय म्हणाली माझ्यासाठी?"

मेलेल्या बाईच्या तोंडी काय घालायचं? "थांबू नको म्हणाल्या."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेच म्हणते ती नेहमी." आणि हात मारायला लागली. एक, मग दुसरा. कुठून बळ आणलं, तिचं तिला ठाऊक.

किनाऱ्यावर तिची ती उभी राहिली. दगडांवरून धडपडत पाण्याबाहेर आली आणि सरांनी शिट्टी फुंकली, तीही धड वाजली नाही. नवरा उडी मारून तिच्याकडे धावला, तिला टॉवेलात गुंडाळून घट्ट धरलं. तिचं अंग लाकडासारखं झालं होतं. सकाळपासून अडलेलं रडू आता त्याला फुटलं.

"ऐक ना," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. तुझी आई..."

ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "पहाटे तिचे डोळे मीच मिटले."